अकरा दिवस हिरवा

कर्वेनगरात, गाद्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस.
बेसिनशेजारच्या फळीवर पाच फोन
रबरबँडने बांधून ठेवलेत,
त्यातल्या तिसऱ्याची बॅटरी पुरीसारखी फुगलीय.
कोणी कोड ढकलला की ते एकेक करून जागे होतात,
पडदे उजळतात,
काहीही न दाखवता मिटतात.

आम्ही गोळ्यांची आठवण करून देणारं अ‍ॅप करतो.
चाचण्या लिहिल्या इब्राहिम तांबोळीने,
आणि नावं दिली, पाटसकरांना न विचारता:
काकू_घेतली_म्हणाल्या_पण_घेतली_नाही
मुलगा_टोरांटोत_घड्याळ_पुण्याचं
नऊची_गोळी_बाराला_पुन्हा_वाजू_नये
अशी दोनशे बारा.
वाचत गेलं की वाटायचं,
एखाद्या सोसायटीतल्या सगळ्या बेल दाबत चाललोय.

सर्व्हरला नावांशी देणंघेणं नाही.
त्याला हवी एक फाइल, ठरल्या जागी, ठरल्या साच्यात:
किती धावल्या, किती पडल्या, किती सेकंद.
मिळाली की भिंतीवरच्या टीव्हीवर
तो हिरवा गोल काढतो
आणि आम्ही चहा सांगतो.

अकरा दिवस हिरवा होता.

आज मी एक चाचणी मोडली. सहज.
म्हणजे सहज नाही. दुपारी धनकवडीहून
एका बाईंचा फोन आला होता:
"तुमची ती मुलगी रात्री दोनदा बोलली हो.
यांनी दोनदा घेतली."
मग?
"मग काय. झोपले. दुसऱ्या दिवशी चारपर्यंत झोपले."

मोडली, ढकलली, थांबले.
हिरवा.
मग लाजच सोडली: दोन अधिक दोन पाच.
हिरवा.

खालच्या दुकानाचं शटर पडलं
त्यानंतर केव्हातरी सापडलं.
फोन बिचारे रोज खरं लिहीत होते,
आपापल्या पोटात.
ते बाहेर आणायला जाणारी ओळ
रिकाम्या हाताने परत यायची, कुरकुर न करता,
कारण फोल्डरचं नाव कोणीतरी बदललं होतं.
कोणीतरी म्हणजे मी. बारा तारखेला.
आवराआवरीच्या नादात.
आणि सर्व्हर, समोर पडलेला शिळा कागद,
इब्राहिमच्या शेवटच्या दिवसाचा,
दोनशे बारापैकी दोनशे बारा,
रोज ताजा म्हणून वाचून दाखवायचा.

दोन अधिक दोन पुन्हा चार केलं.
फोल्डरचं नाव सुधारलं.
धावण्याआधी जुना कागद फाडायचा, असं लिहिलं.
कागदच आला नाही तर लाल, हेही लिहिलं,
दोनदा वाचलं.

फोन जागे झाले. एक. दोन. फुगलेला तिसरा,
जरा उशिराने. चार. पाच.
दोनशे नऊ.
पडलेल्या तिनांत ती असणार हे माहीत होतं,
तरी नाव शेवटपर्यंत वाचलं.

इब्राहिमला फोन लावला. इतक्या रात्री
त्याच्याकडे कोणीतरी भांडी घासत होतं.
"बाराची पडली ना?" तो म्हणाला.
"ती आमच्या अम्मीवरून लिहिलेली."
कशा आहेत अम्मी?
"बऱ्यायत. चावीचं घड्याळ वापरतात आता."
हसलो दोघं. मी जरा कमी.

टीव्हीवरचा लाल बेसिनच्या आरशात पडला होता.
सकाळी पाटसकर येऊन आधी तोच बंद करतील,
म्हणून खाली कागद चिकटवला,
पुण्यात वाढल्याचा तेवढा तरी उपयोग:
"लाल आम्ही जाणूनबुजून केला आहे.
टीव्ही बंद केल्याने तो जात नाही."
सही केली. खाली वेळ टाकायला घड्याळ पाहिलं.

बाराला वीस कमी.

सपोर्टच्या वहीत धनकवडीचा नंबर
पेन्सिलने लिहिलेला, शेवटचा आकडा
एक की सात कळेना.
एक धरून लावलाय.
वाजतोय.